दोन आसनांचे लामाजी

लामाजी लामा नव्हते. हे त्यांनी स्वतःच पहिल्या दिवशी, घराची किल्ली हातात ठेवताना सांगितलं होतं. "लामा म्हणजे गुरू, साहेब. मी नापास." एवढं बोलून ते हसले आणि हसता हसताच बोटाने आमचे बूट दाराबाहेर काढायला लावले. तरी आम्ही त्यांना लामाजीच म्हणत राहिलो. त्यांचं खरं नाव आमच्या जिभेवर कधी बसलं नाही. आपल्या गावाचं नाव तर त्यांनी सांगितलंच नाही. म्हणाले, तुम्ही ते चुकीचं म्हणाल आणि गावाला वाईट वाटेल.

त्यांच्या गोष्टी मी आजवर पुष्कळांना सांगितल्या आहेत. तसा मी कमी बोलणारा, पण बार्बेक्यूला चार मराठी माणसं जमली की बायको म्हणते, "अरे, तुझे ते लामाजी सांग ना." मग मी सांगतो, लोक हसतात, आणि दरवेळी मी एक गोष्ट गाळतो. आज ती गाळणार नाही असं ठरवून बसलोय. पण आधी हसण्यासारख्या सांगतो, कारण माणूस मुळात तसाच होता.

सिडनीत तेव्हा विद्यार्थ्यांची लाट होती. प्रत्येक विमानातून आमच्यासारखे उतरत होते, कुणी अकाउंटिंगला, कुणी हेअरड्रेसिंगला. डोक्यात सगळ्यांच्या एकच, पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना. क्वेकर्स हिलमधल्या त्या विटांच्या बैठ्या घरात आम्ही तिघं भाड्याने राहायचो. मी अकाउंटिंगमध्ये मास्टर्स करत होतो आणि उरलेल्या वेळात मॉलमध्ये ट्रॉल्या गोळा करायचो. पुण्याचा कौस्तुभ आयटी शिकायचा आणि पेट्रोल पंपावर शिफ्ट करायचा. जालंधरचा जस्सी कुकरी कॉलेजात होता आणि टॅक्सी चालवायचा. त्याला स्वयंपाक येत नव्हता आणि शिकायची इच्छाही नव्हती. चौथे घरमालक, म्हणजे लामाजी. वय तेव्हा पंचावन्नच्या पुढे. एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायचं काम करायचे. घरी आल्यावरही हात थांबायचा नाही. टेबलावर ठेवलेलं माझं असाइनमेंट मी एकदा परत घेतलं तेव्हा त्याच्या चार सुरेख घड्या झालेल्या होत्या.

ते तिबेटच्या पठारावरच्या कुठल्याशा दूरच्या जिल्ह्यातले. "आमच्या जिल्ह्यात तेरा मठ आहेत आणि झाड एक आहे," असं ते सांगायचे. "ते पण आजारी आहे." तिथून ते कसे आणि का निघाले हे आम्ही एकदा विचारलं. ते म्हणाले, "त्या वर्षी बूट चांगले मिळाले होते." त्याहून जास्त कधी बोलले नाहीत. डोंगर ओलांडून नेपाळ, मग भारत, आणि भारतात सहा हिवाळे नागपुरात रस्त्याकडेला स्वेटर विकण्यात गेले. त्यामुळे त्यांची भाषा म्हणजे स्वेटरबाजाराची हिंदी आणि तिच्यात मराठी. पुरुष सगळे साहेब आणि बायका सगळ्या ताई. मेडिकल सेंटरमधल्या गोऱ्या रिसेप्शनिस्टलाही ते ताईच म्हणायचे आणि ती ओ द्यायची.

अंतर ते कपात मोजायचे. गरम चहाचा कप हातात घेऊन निघायचं; तो पिण्याजोगा होईपर्यंत माणूस जेवढं चालतो तेवढा एक कप. या मापाने क्वेकर्स हिल स्टेशन दीड कपावर होतं, लायब्ररी दोन, आणि माझं युनि "त्याला किटली लागेल". सिडनीची हवा त्यांना जाड वाटायची. वर जिल्ह्यात हवा इतकी पातळ की पाणी लगेच उकळतं पण डाळ दिवसभर शिजत नाही. इथे कुकरच्या तीन शिट्ट्यांत डाळ होते याचं त्यांना पंधरा वर्षांनंतरही कौतुक होतं. कौस्तुभने कुकर उघडला की ते जातीने बघायला यायचे, दोन दाणे बोटांनी चिरडायचे आणि मान हलवायचे.

आणि ते वाळवण. ऑस्ट्रेलियात परसात कपडे वाळवायला छत्रीसारखं गोल फिरणारं स्टँड असतं. लामाजींनी त्याच्या खांबाभोवती मंत्र लिहिलेली कापडाची पट्टी गुंडाळून शिवून टाकली होती. वारा आला की स्टँड फिरणार आणि मंत्र चहूकडे जाणार. मठात यासाठी मोठी पितळी चक्रं असतात. इथे आमच्या चड्ड्या-बनियनच्या जोरावर काम चालायचं. भानगड एकच, चक्र घड्याळाच्या दिशेनेच फिरलं पाहिजे आणि सिडनीच्या वाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. उलटं फिरायला लागलं की लामाजी हातातलं काम टाकून धावत जायचे आणि ते धरून ठेवायचे. मग त्यांनी आम्हाला कपडे कसे टांगायचे ते शिकवलं. जीन्स या बाजूला, चादर त्या कोनात, म्हणजे दुपारचा वारा सुलट फिरवतो. जस्सी म्हणायचा, इंजिनिअरिंग पंजाबात केलं, पण उपयोग इथे झाला. कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायचा तर तोही घराला उजवी घालून. फाटक पाच पावलांवर असलं तरी आम्ही चाकांचा डबा खडखडवत पूर्ण घराला फेरी मारायचो.

पण त्या घराचा खरा कायदा होता तो वादाचा. त्यांच्या मठात भिक्षू अंगणात जोडीजोडीने वाद घालतात. एक खाली बसतो, दुसरा उभा राहून प्रश्न विचारतो आणि प्रश्न संपला की डावा पाय आपटून जोरात टाळी मारतो. बसलेल्याला चारच उत्तरं देता येतात: मान्य, का बरं, कारण सिद्ध नाही, लागू होत नाही. त्याच्या बाहेर एक शब्द नाही. घरात कुणाचं कुणाशी वाजलं की लामाजी दोघांना शनिवारी दुपारी परसात न्यायचे. भांडी कुणी घासायची, हीटर कुणी चालू ठेवला, सगळं तिथेच सुटायचं.

पहिल्या खेपेला शेजारचा केव्हिन कुंपणावरून डोकावला. तो रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर. आम्ही मारामारी करतोय असं त्याला वाटलं. "यू राइट, मेट?" त्याने मला विचारलं. मी नियमाप्रमाणे "कारण सिद्ध नाही" म्हणालो. पुढच्या शनिवारपासून तो घडीची खुर्ची आणि बिअर घेऊन कुंपणापलीकडे बसायला लागला. त्याला अक्षर कळत नसे, तरी कोण हरतंय ते बरोबर सांगायचा.

एकदा जस्सीच्या दह्याचा डबा कुणीतरी संपवला. त्याचा संशय माझ्यावर. लामाजींनी मला खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"कालचा तू आणि आजचा तू एकच?"

"मान्य."

"मग कालचं दही आज तुझ्या पोटात आहे?"

"लागू होत नाही."

टाळी. "म्हणजे खाणारा गेला, दही गेलं. मग जस्सी साहेब कुणावर रागावले?"

"लामाजी," जस्सी म्हणाला, "आप मेरी साइड हो या इसकी?"

असा अर्धा तास गेला. माझा घसा सुकला, केव्हिनची दुसरी बिअर संपली आणि शेवटी लामाजींनी शांतपणे सांगितलं की दही त्यांनीच खाल्लं होतं. वाद चांगला होणार असं दिसलं म्हणून ते बोलले नव्हते.

या हसण्यापायीच ते मठात नापास झाले. तीनदा परीक्षेला बसले आणि तीनदा, समोरच्याने गंभीर चेहऱ्याने टाळी मारली की यांना हसू फुटलं. मग त्यांना अंगणातून काढून स्वयंपाकघरात पाठवलं. तीनशे भिक्षूंच्या चहाचं भांडं इतकं मोठं, की ढवळायला शिडीवर उभं राहावं लागे. त्यांचा थोरला भाऊ त्याच मठात होता. तो कधी हसला नाही आणि कधी नापासही झाला नाही. जिल्ह्याच्या गावापासून घोड्यावर दोन दिवस चढून गेलं की येतो तो वरचा मठ, तिथे पुढे तो शिकवायला लागला. लामाजींना अक्षरं त्यानेच शिकवली होती, भिंतीवर कोळशाने लिहून. धाकटा डोंगर ओलांडून निघाला त्या पहाटे त्याने काय केलं, एवढं एकच त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. तो वाटेपर्यंत आला, यांच्या बुटांची नाडी खाली बसून घट्ट बांधली आणि काही न बोलता परत गेला.

आता गाळलेली गोष्ट.

मी विदर्भातला. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. आम्ही बौद्ध. घरी दर पौर्णिमेला विहारात वंदना, आणि वंदनेत पुढे म्हणणारा मी, कारण माझे उच्चार स्पष्ट होते. आईला त्याचा फार अभिमान. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर यादी लागली, नावापुढे कॅटेगरीचा रकाना असलेली. दुसऱ्या दिवशी माझ्या रूममेटने पाण्याचा जग वेगळा घेतला. भांडण नाही, शब्द नाही, फक्त एक नवीन निळा जग. चार वर्षं तो जग माझ्यासमोर होता.

सिडनीत यादी नव्हती. पहिल्याच महिन्यात कौस्तुभने सहज विचारलं, "तुम्ही म्हणजे मूळचे नक्की कुठले रे?" मी गावाचं नाव सांगितलं, आजोबा शिक्षक होते असं सांगितलं आणि विषय क्रिकेटवर नेला. आईने बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवलेल्या दोन तसबिरी मी घडीतून काढल्याच नाहीत. कुठल्या ते सांगायला नको. रविवारी घरी फोन करायचो तो परसात, वाळवणाच्या मागे उभा राहून, आणि शेवटचं 'जय भीम' तोंडावर हात धरून म्हणायचो. कौस्तुभ वाईट होता म्हणून नव्हे. तो चांगला होता, माझ्या ताटातलं बिनदिक्कत उचलून खायचा, आणि ते थांबेल ही माझी भीती होती.

एका शुक्रवारी लामाजींना फोन आला. थोरला भाऊ गेला. बातमी डोंगर उतरून, कुणाकुणाच्या फोनमधून इथवर यायला पाच दिवस लागले होते. लामाजींनी फोन ठेवला, लाँड्रीच्या शिफ्टला गेले, परत आले, आणि शनिवारी सकाळी आम्ही तिघं चहा पीत असताना ओट्याला टेकून उभे राहिले.

त्यांच्याकडे माणूस गेला की एकोणपन्नास दिवस, दर सातव्या दिवशी पाठ म्हणतात. तेवढ्या दिवसांत जाणाऱ्याला पुढच्या जन्माची वाट सापडायची असते. पण त्यांच्या खोऱ्यात एकट्याने म्हणायची रीत नाही. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. एकच आवाज ऐकू आला तर जाणाऱ्याला वाटतं, मागे माझा एकच माणूस उरलाय, आणि त्याचा पाय निघत नाही. सिडनीतले बाकीचे तिबेटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, प्रत्येकाच्या शिफ्ट.

मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, आप तो बौद्ध है ना," ते म्हणाले. "नागपूरचे लोक माझ्याकडून स्वेटर घ्यायचे. भाव करायचे, पण चहा पाजायचे. तुम्ही फोनवर त्यांच्यासारखंच बोलता. तुमचं जे असेल ते म्हणा, माझ्याजवळ बसून म्हणा. सात वेळा."

कौस्तुभने माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत काहीच नव्हतं, साधं कुतूहल असेल. मला मात्र निळा जग दिसला.

मी तोंड वर करून, वादात बसतो तशी पाठ ताठ केली आणि म्हणालो, "लागू होत नाही."

जस्सी खो खो हसला. कौस्तुभही हसला. घरातलाच विनोद होता, बरोबर जागी पडला होता. वादात माझ्या उत्तरावर लामाजींची टाळी वाजायची. ती वाजली नाही. "ठीक," म्हणाले आणि कप विसळायला गेले.

त्याच दुपारी त्यांनी बैठकीच्या खोलीत दोन आसनं मांडली. उजव्यावर बसून एक कडवं म्हटलं. मग उठले, स्वेटर नीट केला, डाव्या आसनावर जाऊन बसले आणि आवाज खाली आणून त्याचं उत्तर दिलं. पुन्हा उठले, उजवीकडे. पुन्हा डावीकडे. त्यांचे गुडघे दरवेळी वाजायचे. तासभर हे चाललं. जस्सी दारातून बघून म्हणाला, "दोनों एंड से यही बॉलिंग कर रहे हैं." यावर सगळ्यात जोरात हसलो मी. हे मला लिहायचं होतं. सगळ्यात जोरात मी हसलो.

दुसऱ्या शनिवारीही तसंच. तिसऱ्या शनिवारी कौस्तुभ पंपावर जायला निघाला होता, अंगात युनिफॉर्म. दारात थबकला, थोडं बघितलं, बूट काढले आणि डाव्या आसनावर जाऊन बसला. "लामाजी, मला तुमचं काही येत नाही. माझं म्हटलं तर चालेल?"

"म्हणा. आवाज पाहिजे," लामाजी म्हणाले. "अर्थ मी घालतो."

कौस्तुभने मुंजीत पाठ केलेलं स्तोत्र म्हटलं. लामाजींचं कडवं, मग याचं कडवं. स्तोत्र संपलं तरी पाठ संपेना, तेव्हा त्याने जराही न थांबता तेवीसचा पाढा सुरू केला, मग एकोणतीसचा. शिफ्टला चाळीस मिनिटं उशीर झाला आणि मॅनेजरची बोलणी खाल्ली. पुढचे चारही शनिवार तो बसला. लामाजींनी नंतर त्याला विचारलं की ते शेवटचं फार सुंदर होतं, कुठल्या ग्रंथातलं.

मी तेव्हा स्वयंपाकघरात होतो. घासलेला कुकर पुन्हा घासत होतो. मला त्रिशरण येत होतं, पंचशील येत होतं, गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे जे जे म्हणतात ते सगळं येत होतं, आणि ज्याची मला भीती होती तो पोरगा आत बसून पाढे म्हणत होता.

चार महिन्यांनी मी घर सोडलं. युनि लांब पडतं असं कारण दिलं. पुढे सगळ्यांचं जे व्हायचं ते झालं. जस्सी कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत दोनमजली घराएवढा ट्रक चालवतो. कौस्तुभ मेलबर्नला, पॉइंट कुकमध्ये. मी अकाउंटंट झालो, लग्न झालं, मुलगी झाली, आणि क्वेकर्स हिलच्याच पलीकडच्या अंगाला घर घेतलं. पण स्टेशनला जाताना लामाजींच्या गल्लीतून जात नसे. बायको मुलीला दर रविवारी विहारात नेते. मी त्यांना गाडीने सोडतो आणि कार पार्कमध्ये बसून राहतो. ऑफिसचे ईमेल बघायचेत, असं सांगतो. तोंडातून ती वंदना पुन्हा निघेना, आणि का ते बायकोलाही कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत कौस्तुभ सहकुटुंब आला आणि म्हणाला, लामाजींना भेटल्याशिवाय मी परत जाणार नाही. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

लामाजी आता सत्तरीच्या पुढे. एक पुतणी त्यांच्याजवळ असते. आमच्या बायकांना त्यांनी "या ताई, बसा ताई" केलं, मोमो खायला घातले, मुलांना वाळवणाचे नियम समजावले. कौस्तुभकडे बघून त्यांना तो टॅक्सी चालवणारा वाटला. मग माझ्याकडे वळले, दोन्ही हातांत माझा हात धरला आणि पुतणीला सांगायला लागले, "हे साहेब. भावाच्या पाठाला माझ्याजवळ बसले होते. शिफ्ट सोडून. आवाज फार चांगला यांचा."

कौस्तुभ हसला. खांद्याने मला ढकलून हळूच म्हणाला, "असू दे रे. त्यांना काय फरक पडतो."

आणि खरंच, असू देता आलं असतं. लामाजी खूश होते, पुतणी माझ्याकडे आदराने बघत होती, माझी मुलगी आपल्या बापाकडे जरा नव्याने बघत होती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

"लामाजी, तो मी नव्हे," मी म्हणालो. "बसला होता तो हा कौस्तुभ. मी स्वयंपाकघरात होतो. तुम्ही मला विचारलं होतंत, मी नाही म्हणालो. मी बौद्ध आहे. तेव्हाही होतो. मला सगळं येत होतं."

मोमोच्या बश्या तशाच राहिल्या. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

सगळ्यांत आधी कौस्तुभ बोलला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आणि कळलं असतं, तर तेव्हा मी कसा वागलो असतो, ते आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही मला." एवढंच बोलला आणि मी त्याबद्दल त्याचा आभारी आहे. 'आम्हाला काय फरक पडला असता' असं तो म्हणाला असता तर मला त्याच्याबरोबर पुन्हा जेवता आलं नसतं.

लामाजी मात्र विचारात पडले होते. माझ्या नव्हे, कसल्यातरी हिशेबाच्या. बोटांवर काहीतरी मोजत होते.

"अजून येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"मग म्हणा. भाऊ आता कुठेतरी सोळा-सतरा वर्षांचा असेल. बारावीत. आता म्हटलं तरी उपयोग होईल."

कौस्तुभला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. पुतणीने दोन आसनं आणून टाकली. लामाजी पुतणीच्या खांद्याला धरून सावकाश एकावर बसले, मी दुसऱ्यावर. त्यांनी त्यांचं कडवं म्हटलं, आवाज आता कापत होता, आणि थांबून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले आणि सुरुवात केली. पहिली ओळ निघाली. दुसरी निघाली. तिसरी मात्र तोंडातून निघेना.

"डॅड, यू नो धिस?" मुलगी माझ्यामागे येऊन उभी होती. उत्तराची वाट न बघता तिने ती ओळ उचलली, तिच्या त्या क्वेकर्स हिलच्या उच्चारात, विहारात दर रविवारी म्हणते तशी सहज, आणि ओळीच्या शेवटी माझ्यासाठी थांबली.

"चला साहेब, थांबू नका," लामाजी म्हणाले. "तिकडे पोराची परीक्षा आहे."